वर्गात आलेला पिंजरा

[पडद्यावर: शाळेचा रिकामा हॉल. लाकडी जमिनीवर खिडकीतून पडलेलं ऊन.]

साल १९७३. इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री शहर. सहा-सात वर्षांची मुलं हॉलमध्ये जमिनीवर बसली आहेत. समोर एक पिंजरा आहे, आणि पिंजऱ्यात माणूस आहे.

पिंजऱ्याच्या मालकाचं नाव मिस्टर टेक्स. सिनेमात असतो तसा काउबॉय, बोलघेवडा. मुलांची आणि त्याची गट्टी जमायला वेळ लागत नाही. आतला 'इंडियन', म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी, किती धोकादायक आहे, हे तो रंगवून सांगतो आणि बाहेर निघून जातो.

मग पिंजऱ्यातला माणूस बोलू लागतो. तो ब्लॅक एल्क. मुलं त्याच्यासोबत तंबू उभारतात, त्याच्या लोकांबद्दल, त्यांच्या जमिनीबद्दल ऐकतात. त्याच्याबद्दलची भीती कधी गेली, हे मुलांनाही कळत नाही. आणि टेक्स परत येतो. आता दोघंही मुलांकडे बघत उभे आहेत. बोला, कोण खरं? ब्लॅक एल्कला सोडायचं की नाही?

मागे बसलेल्या बाईंनी या वेळी मध्ये पडायचं नसतं. कोणत्याही शिक्षकाला विचारा, सगळ्यांत अवघड काम तेच.

[पडद्यावर: बेलग्रेड थिएटरची इमारत, रस्त्याच्या पलीकडून.]

या कार्यक्रमाचं नाव 'पॉव वॉव', आणि तो बसवला होता बेलग्रेड थिएटरच्या पथकाने. इंग्लंडमधल्या नाट्यगृहाला युगोस्लाव्हियाच्या राजधानीचं नाव कसं, त्याचीही गोष्ट आहे. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीचा मध्यभाग जाळला. जुनं कथीड्रलही त्यात गेलं, फक्त भिंती आणि मनोरा उरला. युद्धानंतर शहर नव्याने बांधायला घेतलं, तेव्हा बेलग्रेडवासीयांनी नाट्यगृहासाठी लाकूड भेट पाठवलं. १९५८ साली थिएटर उघडलं. युद्धानंतर ब्रिटनमध्ये एखाद्या शहराने स्वतःच्या पैशांतून बांधलेलं हे पहिलं नाट्यगृह.

शहराच्या पैशांतून, हे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याभोवती फिरते.

१९६५ साली या थिएटरने चार जणांचं एक पथक नेमलं. त्यांना रंगमंच द्यायचा नव्हता, शाळेत पाठवायचं होतं. त्यांच्या हुद्द्याचं नावच होतं अभिनेता-शिक्षक. आणि या नव्या कामाला नाव पडलं 'थिएटर इन एज्युकेशन', थोडक्यात टीआयई.

आपल्याकडे शाळा आणि नाटक म्हटलं की स्नेहसंमेलन आठवतं. डिसेंबर आला की घाईघाईने बसवलेला नाच, भाड्याचे कपडे, पहिल्या रांगेत पाहुणे. नाहीतर मुलांना रांगेने नाट्यगृहात नेऊन आणायचं. कॉव्हेंट्रीचं पथक यातलं काहीच करत नव्हतं. ते एका वेळी एका वर्गापुढे उभं राहायचं. तीसेक मुलं आणि चार नट. आधी शिक्षकांशी बैठक व्हायची: इतिहासात काय चाललंय, गावातल्या कुठल्या प्रश्नावर घरोघरी वाद होतात. मग नाटक. मध्येच नाटक थांबायचं आणि मुलांना पात्रांशी बोलायला, भांडायला, निर्णय घ्यायला लावायचं. पथक गेल्यावर तोच विषय शिक्षकांनी पुढे न्यायचा, त्यासाठी साहित्य वर्गात ठेवलेलं असायचं. नटाला वर्गाची नस ठाऊक नसते, शिक्षकाला टेक्स होता येत नाही. दोघांनाही एकमेकांची गरज होती.

आणि शाळेला याचा खर्च शून्य.

काही वर्षांतच बोल्टन, लीड्स, एडिंबरा अशा शहरांच्या नाट्यगृहांनी आपापली पथकं उभी केली. विषय नेहमी सोयीचे नसत. कारखान्यातला संप, वंशभेद, लढाई. कॉव्हेंट्रीतली बरीच घरं मोटारीच्या कारखान्यांवर जगत होती, तेव्हा संपावरचं नाटक म्हणजे काही मुलांसाठी थेट जेवणाच्या टेबलावरचं भांडण.

[पडद्यावर: हिशेबाची जुनी वही. पानं उलटतात.]

चार नट, तीस मुलं. हे गणित कोणत्याही हिशेबनीसाला दाखवा, तो डोक्याला हात लावेल. तेवढ्याच नटांना हजार मुलांच्या सभागृहात उभं केलं तर डोईखर्च कितीतरी कमी. पण मग टेक्सच्या डोळ्याला डोळा भिडवून 'तू खोटं बोलतोस' म्हणणारं मूल त्यात हरवतं. टीआयईचा जीव त्या लहान आकड्यात होता, आणि तोच आकडा शेवटी तिच्या मुळावर आला.

१९८८ साली इंग्लंड आणि वेल्ससाठी नवा शिक्षण कायदा झाला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, आणि शाळांचा पैसा स्थानिक कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, थेट शाळांच्या हाती जाऊ लागला. ऐकायला चांगलंच वाटतं. पण आजवर कौन्सिल सगळ्या शाळांसाठी मिळून पथक पोसत होतं. आता प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्या तिजोरीतून त्याची किंमत मोजायची होती. छप्पर गळतंय, बदली शिक्षक हवाय, पुस्तकं हवीत, आणि त्या यादीत तळाशी एक पिंजरा. मुख्याध्यापकांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांच्या जागी मीही आधी छप्पर दुरुस्त केलं असतं.

नव्वदच्या दशकात एकेक पथक बंद पडत गेलं. १९९६ साली, तीस वर्षांच्या कामानंतर, कॉव्हेंट्रीचंही.

[पडद्यावर: दिल्ली. मंडी हाउसचा चौक, बसची गर्दी.]

पण १९४४ साली याच कॉव्हेंट्रीत जन्मलेला एक माणूस साठच्या दशकाच्या अखेरीस भारतात आला होता. बॅरी जॉन. त्यांना बहुतेक लोक शाहरुख खानचे गुरू म्हणून ओळखतात, आणि मुलाखतींमध्येही तेवढंच विचारलं जातं. १९८९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने आपली टीआयई कंपनी सुरू केली, तिचे पहिले संचालक तेच. कंपनीचं देशी नाव 'संस्कार रंग टोली'. हुद्दा तोच, अभिनेता-शिक्षक.

पैसा इथे शहराचा नव्हता, केंद्र सरकारचा होता. त्यामुळे कंपनी टिकली. पण चार नटांनी दिल्लीतल्या शाळा वर्गावर्गाने गाठायच्या म्हटलं, तर जन्म पुरणार नाही. टोली मुलांसाठी नाटकं करते, शाळांसाठी प्रयोग लावते, उन्हाळ्यात शिबिरं घेते. आणि 'संडे क्लब' चालवते. त्यात मुलं समोर बसून नाटक बघत नाहीत. आपल्या घरातले, गल्लीतले, वर्गातले प्रसंग घेऊन येतात, आणि त्यातून स्वतःचं नाटक उभं करतात. ब्लॅक एल्कला सोडायचं की नाही, हे ठरवणारी मुलं इथे पिंजराही स्वतःच बनवतात.

[पडद्यावर: मुलं चपला काढून आत पळतात. मागे शाळेचं बंद फाटक.]

वार अर्थातच रविवार. शाळेला सुट्टी असते तो.