नॉर्मंडीची वाळू

नमस्कार, श्रोतेहो.

६ जून १९४४, दुसरं महायुद्ध. त्या दिवशी उजाडलं तेव्हा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यासमोर नजर पोचेल तिथपर्यंत जहाजं उभी होती. लहानमोठी सगळी धरून जवळपास ७,०००. विमानं ११,००० च्या वर. सूर्य मावळेपर्यंत ब्रिटन, अमेरिका, कॅनडा या दोस्त राष्ट्रांचे सुमारे १,५६,००० सैनिक जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सच्या भूमीवर उतरले होते, त्यांतले २३,००० च्या आसपास हवाई मार्गानं, आदल्या रात्रीच्या अंधारात. सरसेनापती आयझेनहॉवर, आरमाराचे प्रमुख ॲडमिरल रॅम्से, जमिनीवरच्या सैन्याचे माँटगोमेरी. समोर जर्मनांकडून रोमेल.

ही नावं आणि हे आकडे तुमच्या कानावरून गेलेले असतील. मी आज त्यांच्यावर फार वेळ घालवणार नाही. मला बोलायचं आहे ते वाळूबद्दल. किनाऱ्यावरची ओली वाळू, आणि त्याहीपेक्षा त्या वाळूच्या खाली काय असतं त्याबद्दल.

किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं म्हणजे नुसती माणसं उतरवून भागत नाही. माणूस धावत पुढं जाईल, पण त्याच्यामागून रणगाडे यायचे असतात, तोफा यायच्या असतात, दारूगोळ्याचे ट्रक यायचे असतात. शेरमन रणगाडा ३० टनांच्या वर. चर्चिल रणगाडा ४० टनांच्या घरात. असा एक रणगाडा पुळणीवर रुतला की तो एकटा रुतत नाही. त्याच्यामागची सगळी रांग अडते, आणि अडलेली रांग म्हणजे शत्रूच्या तोफांना आयतं लक्ष्य. आपल्याकडं सुट्टीच्या दिवशी कोकणातल्या पुळणीवर हौसेनं गाडी घालणारे पर्यटक तुम्ही पाहिले असतील. तासाभरात भरती चढायला लागते, चाकं रुतलेली, आणि मग गावातली माणसं दोर बांधून गाडी ओढतात. पुळण ही गाडी फिरवायची जागा नाही, हे मी या माध्यमातून पुन्हा एकदा कळकळीनं सांगतो. कासवं तिथं अंडी घालतात. असो.

तर, वाळू. अनोळखी किनाऱ्याचा फटका दोस्त राष्ट्रांनी आधी खाल्लेला होता. १९ ऑगस्ट १९४२ ला फ्रान्समधल्याच दिएप बंदरावर छापा घातला गेला. उतरणारं बहुतेक पायदळ कॅनडाचं होतं. तिथल्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. गोट्यांत रणगाड्यांचे पट्टे अडकले, तुटले, कित्येक रणगाडे किनाऱ्यावरच अडकून पडले. त्या एका सकाळी ९०० च्या वर कॅनेडियन सैनिकांचे प्राण गेले. पुढं नोव्हेंबर १९४३ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या तारावा बेटावर अमेरिकनांचा भरतीचा अंदाज चुकला, पाणी चढलंच नाही. नावा प्रवाळाच्या कडेला टेकल्या आणि माणसांना छातीभर पाण्यातून गोळीबारात चालत जावं लागलं. दोन्ही ठिकाणी शौर्य कमी नव्हतं. दोन्ही ठिकाणी किनारा नीट ठाऊक नव्हता.

म्हणून नॉर्मंडीच्या वेळी ठरलं की किनारा आधी माहीत करून घ्यायचा.

यात रेडिओचाही वाटा आहे, आणि तो सांगताना मला अभिमान वाटतो. १९४२ साली बीबीसीवरून ब्रिटिश जनतेला आवाहन केलं गेलं : युद्धाआधी तुम्ही युरोपात सहलीला गेला असाल, तर तिथल्या समुद्रकिनाऱ्यांचे फोटो आणि पोस्टकार्डं आमच्याकडं पाठवा. लोकांनी कपाटं उघडली, ट्रंका उघडल्या. लाखो फोटो आले. कुणाचं पोर वाळूत किल्ला करतंय, कुणाची आजी खुर्चीवर बसली आहे, आणि त्यांच्यामागं किनाऱ्याचा उतार, भिंत, वर जाणारा रस्ता. युद्धाच्या नकाशात ते सगळं उतरलं. श्रोतेहो, तुमच्या घरातल्या जुन्या फोटोंच्या मागं पेन्सिलीनं गाव आणि साल लिहून ठेवा. आजच लिहा. ज्यांना ते ठाऊक आहे ती माणसं घरात आहेत तोवर लिहा.

पण फोटोत वाळूच्या खालचं दिसत नाही. विमानातून काढलेल्या फोटोंत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर काही काळपट डाग दिसत होते. जे. डी. बर्नाल नावाचे थोर शास्त्रज्ञ तेव्हा लष्कराला सल्ला देत होते. त्यांनी जुने नकाशे आणि जुनी भूगर्भाची टिपणं धुंडाळली आणि शंका काढली की इथं वरच्या वाळूखाली चिकणमातीचे आणि कुजलेल्या वनस्पतींचे मऊ थर असावेत. वर हातभर घट्ट वाळू, खाली लोण्याचा गोळा. रणगाडा त्यात गेला की गेलाच. पुन्हा सांगतो, प्रश्न वाळूचा नव्हता, वाळूखालच्या थराचा होता. आणि तो थर पाहायला एकच उपाय. जाऊन उकरून आणायचा. जर्मन पहाऱ्यातल्या किनाऱ्यावरून.

या कामासाठी ब्रिटिशांचं एक छोटं, अतिशय गुप्त पथक होतं. नौदलातले नायजेल विलमॉट यांनी ते उभं केलं होतं. १९४१ साली ऱ्होड्स बेटाचा किनारा त्यांनी स्वतः रात्री पोहत जाऊन तपासला होता. त्यांच्या पथकातल्या दोघांची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. एक मेजर लोगन स्कॉट-बोडेन, इंजिनियर दलातले. दुसरे सार्जंट ब्रूस ऑग्डेन-स्मिथ.

तारीख ३१ डिसेंबर १९४३. वर्षाची शेवटची रात्र मुद्दाम निवडली होती, कारण पहारेकरी त्या रात्री पार्टीच्या रंगात असतील. इंग्लिश खाडीतलं डिसेंबरचं पाणी किती गार असतं याची कल्पना आपल्याला येणार नाही. वारा सुटलेला, लाटा उसळलेल्या. किनाऱ्यापासून काही अंतरावर छोट्या नावेतून हे दोघे पाण्यात उतरले. अंगात रबरी पोशाख. कमरेला पिस्तूल आणि सुरा. आणि सोबत गिरमिट. सुतार लाकडाला भोक पाडतो ते गिरमिट, फक्त हे वाळूत फिरवायचं. फिरवून वर काढलं की खालचा थर जसाच्या तसा वर येतो. तो नळीत भरायचा, नळीवरच्या आकड्याप्रमाणं जागेची नोंद करायची आणि पुढं सरकायचं. गळ्यात रिकाम्या नळ्यांचा पट्टा.

पाण्याच्या ओढीनं त्यांना ठरल्या जागेपासून पूर्वेला नेऊन टाकलं. समोर गाव. घरांतून गाण्यांचे आवाज येत होते. जर्मन सैनिक नवीन वर्षाची वाट पाहत गात होते, आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर हे दोघे ओल्या वाळूवर पालथे पडले होते. मग तसेच ते किनाऱ्यानं मागं आले आणि कामाला लागले. सगळं काम भरतीच्या रेषेच्या खालच्या बाजूला करायचं होतं. का? पाणी चढलं की पावलं आणि भोकं, सगळं पुसलं जाईल म्हणून. श्रोतेहो, एक पाऊल जरी सकाळी दिसलं असतं, एक गिरमिट जरी कुणाला सापडलं असतं, तर जर्मनांना कळलं असतं की स्वारी कुठं येणार आहे. लाखभर माणसांचा जीव त्या दोघांच्या पावलांवर होता.

नळ्या भरल्या. आता परत निघायचं. अंगावर ओल्या वाळूचं ओझं, आणि समोर फुटणाऱ्या लाटा. दोघे पाण्यात शिरले, लाटेनं बाहेर फेकलं. पुन्हा शिरले, पुन्हा बाहेर. थोडं थांबून लाटांचा क्रम पाहिला आणि मग जीव खाऊन पोहत पलीकडं गेले. दम उखडलेला. तेवढ्यात स्कॉट-बोडेन यांना मागून आरोळी ऐकू आली. त्यांच्या पोटात गोळा आला. सोबती बुडतोय, किंवा त्याच्या पोशाखात पाणी शिरलंय. ते उलटे फिरले, त्याच्याजवळ गेले. आणि ऑग्डेन-स्मिथ ओरडत होता, ‘हॅपी न्यू इयर!’

बारा वाजून गेले होते. १९४४ साल लागलं होतं. मेजरसाहेबांनी आधी त्याला शिव्या घातल्या, आणि मग त्याच गार पाण्यात त्यालाही नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्या.

मी ही गोष्ट अनेकांना सांगितली आहे आणि पुढंही सांगत राहीन. मला त्या सार्जंटबद्दल विलक्षण आदर वाटतो. ज्या माणसाला अशा वेळी दुसऱ्याला शुभेच्छा द्याव्याशा वाटतात, त्याच्या धैर्याची जात वेगळी. आपल्या शाळांत इतिहास शिकवताना सेनापतींची नावं पाठ करून घेतात आणि भूगोलाचा तास वेगळा ठेवतात. इतिहास आणि भूगोल एकाच तासाला शिकवला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. प्रतापगडची लढाई जावळीच्या खोऱ्याशिवाय कशी समजेल?

त्या रात्रीनंतर तीन आठवड्यांच्या आत हे दोघे पुन्हा गेले. या वेळी एक्स-२० नावाच्या चिमुकल्या पाणबुडीतून, पाच माणसं कोंबून. दिवसा पेरिस्कोपमधून किनारा न्याहाळायचा, रात्री पोहत जाऊन वाळू आणायची. हा किनारा अमेरिकनांच्या वाट्याचा होता, ओमाहा. वाळू भार पेलण्याजोगी निघाली. पण त्या वाळूमागं उंच कडे होते आणि वर जायला मोजक्याच वाटा होत्या. परत आल्यावर स्कॉट-बोडेन यांनी अमेरिकन जनरल ब्रॅडली यांना स्पष्ट सांगितलं की हा किनारा भयंकर कठीण आहे, इथं फार माणसं पडतील. ब्रॅडली यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ठाऊक आहे मला, पोरा.

आता या वाळूतून शस्त्रं कशी घडली ते थोडक्यात.

मेजर जनरल पर्सी होबार्ट. यांचा जन्म आपल्या नैनितालचा, १८८५ चा, आणि तरुणपणीची नोकरीही हिंदुस्थानात. रणगाड्यांबद्दल त्यांची मतं वरिष्ठांना पटेनात, म्हणून त्यांना सक्तीनं निवृत्त केलं होतं आणि ते गावच्या राखीव दलात साधे लान्स कॉर्पोरल म्हणून उभे राहिले होते. चर्चिल यांनी त्यांना परत बोलावलं. त्यांच्या ७९ व्या चिलखती डिव्हिजननं किनाऱ्याच्या एकेका अडचणीसाठी एकेक रणगाडा तयार केला. मऊ चिकणमातीवर जाड कापडाची पट्टी अंथरत जाणारा रणगाडा, म्हणजे मागच्या गाड्या रुतणार नाहीत. तो थेट त्या नळ्यांतल्या मातीला दिलेला जबाब होता. समोर फिरणाऱ्या रुळाच्या साखळ्यांनी जमीन बडवत सुरुंग फोडणारा रणगाडा. खंदकात लाकडाच्या मोळ्या टाकून वाट करणारा. आग ओकणारा. आणि कापडी पडदा उभारून पाण्यावर तरंगणारा, पंख्यांनी पोहत येणारा शेरमन.

या तरंगत्या रणगाड्यांचं ओमाहासमोर वाईट झालं. समुद्र खवळलेला होता. एका अमेरिकन बटालियननं २९ रणगाडे किनाऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर पाण्यात सोडले. २७ बुडाले. २९ पैकी २७. दोन पोहत पोचले. शेजारच्या बटालियनच्या अधिकाऱ्यांनी लाटा पाहून निर्णय बदलला आणि आपले रणगाडे नावेतून थेट किनाऱ्यावर नेले. साखळ्यांचे आणि पट्ट्या अंथरणारे रणगाडे ब्रिटिश आणि कॅनेडियन किनाऱ्यांवर उतरले, ओमाहावर ते नव्हते. तिथं पायदळ सपाट तळाच्या प्लायवूडच्या हिगिन्स नावांतून आलं, प्रत्येक नावेत ३६ माणसांपुरती जागा, आणि पुढचं दार पडताच कड्यावरच्या मशीनगनसमोर उघडं पडलं. त्या एका किनाऱ्यावर दोन हजारांवर माणसं मेली, जखमी झाली, बेपत्ता झाली.

त्याच उन्हाळ्यात आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची माणसं इटलीत लढत होती. १० जुलै १९४४ ला माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे तिथंच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

स्कॉट-बोडेन आणि ऑग्डेन-स्मिथ यांचं सांगायचं राहिलं. ६ जूनला हे दोघेही ओमाहालाच होते, पहिल्या नावांना वाट दाखवायला. दोघेही वाचले. स्कॉट-बोडेन पुढं मेजर जनरल झाले आणि सत्तरच्या दशकात भारतातल्या ब्रिटिश संरक्षण संपर्क पथकाचे प्रमुख म्हणून काही वर्षं आपल्या देशात राहून गेले.

सैन्य उतरलं, पण त्याला रोज लागणारी हजारो टनांची रसद उतरवायला बंदर नव्हतं. तेव्हा काँक्रीटचे प्रचंड ठोकळे इंग्लंडातून ओढत नेऊन समुद्रातच दोन बंदरं उभी केली. १९ जूनच्या वादळानं त्यांतलं एक मोडलं, आणि दुसऱ्याचे अवशेष आरोमांशच्या समुद्रात आजही उभे आहेत. त्या बंदरांबद्दल पुढच्या भाषणात, याच वेळी.

नमस्कार.