तिथी पाहून निघालेला कॅमेरा

मंडळी, कोकणात फिरायला आलेला माणूस मोबाइल बाहेर काढतो तो बहुतेक सूर्यास्ताला. सूर्य पाण्याला टेकतो, सगळे हात वर होतात, सूर्य बुडतो आणि पावलं गाडीकडे वळतात. त्याच वेळी त्याच पावलांखाली वाळूवर एवढी बारीक नक्षी पडलेली असते की पाहत राहावं, आणि सहा तासांनी ती पुसली जाणार असते. आज बोलायचं आहे ते तिच्याबद्दल, आणि तिचा फोटो कसा काढायचा याबद्दल. प्रवासात असं काही दिसलं की आपण त्याला नशीब म्हणतो. किनाऱ्यापुरतं सांगायचं तर या नशिबाचं वेळापत्रक आहे, आणि ते घरातल्या दिनदर्शिकेवर छापलेलं असतं.

आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटे. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच, त्यामुळे निघण्याआधी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक किंवा मोबाइलवरचं ॲप पाहावं. पण सहलीची तारीख ठरवायला हा हिशेब पुरतो.

आता यातली गंमत पाहा. उधाण येतं अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. त्या दिवसांत पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खालीही जातं. आणि हिशेबानं ती ओहोटी पडते सकाळ-संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला. म्हणजे वाळू सर्वात जास्त उघडी असते त्याच वेळी ऊन सर्वात तिरपं असतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं त्या दिवसांत, उलट होतं: संध्याकाळी सहाला भरती, पुळण (वाळूचा किनारा) अरुंद, आणि ओहोटी येते भर दुपारच्या उन्हात. सुट्टी घेताना शनिवार-रविवार बघतो तशी चतुर्दशी ते द्वितीया बघा. एवढ्या एका गोष्टीनं जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या लेन्सनंही पडत नाही.

तिरपं ऊन का हवं? ओल्या वाळूवर चिमुकले खेकडे काम करत असतात, नखाएवढे. पाणी ओसरलं की बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडाशी नेतात, तिच्यातलं सूक्ष्म खाद्य काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. गोळी मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढी. बिळापासून निघून एका रेषेत बाहेर जायचं, परतायचं, शेजारची रेषा धरायची, असं चालतं. पळून बिळात शिरायला एक वाट मात्र ते मोकळी ठेवतात. दोन-तीन तासांत बिळाभोवती किरणांसारख्या रेषांचं फूल तयार होतं. दुपारच्या उन्हात हे फूल नुसतं खरबरीत वाळूसारखं दिसतं. पण सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर आला की ३ मिलिमीटरच्या गोळीची सावली जवळजवळ १७ मिलिमीटर पडते. मग प्रत्येक दाणा वेगळा उठून दिसतो.

दहा अंश मोजायला यंत्र लागत नाही. हात लांब करून मूठ आडवी धरा. क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये एक मूठ मावली की दहा अंश झाले. सूर्यास्ताला तेव्हा साधारण पाऊण तास असतो. कामाला लागायची वेळ ती.

समुद्राकडे तोंड करून उभं राहू नका. आपला किनारा ढोबळमानाने उत्तर-दक्षिण पसरला आहे. तेव्हा उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड केलं की ऊन बाजूनं येतं, आणि स्वतःची सावली चौकटीबाहेर माडांच्या दिशेनं पडते. गुडघा टेकून मोबाइल उलटा धरा. लेन्स वरच्या टोकाला असते, उलटा केल्यावर ती वाळूच्या दोन बोटं वर येते. खेकडाही टिपायचा असेल तर बिळापासून दोन-तीन हातांवर बसून अजिबात हालचाल करू नका. त्याला सावली आणि पावलांचा हादरा कळतो. चार-पाच मिनिटं शांत राहिलात तर तो परत बाहेर येतो.

दुसरी नक्षी काळ्या वाळूची. रत्नागिरीला मांडवीची वाळू काळसर आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो काळेपणा बराचसा इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजाचा. इल्मेनाइट पाण्याच्या साधारण पावणेपाच पट जड, पांढरी गारेची वाळू अडीच पटीहून थोडी जास्त. लाट परतताना हलके पांढरे कण ओढून नेते आणि काळे मागे राहतात. मध्ये शिंपला किंवा खडा आला की पाणी त्याला वळसा घालतं आणि त्याच्या पुढे पिसासारखा, कधी निष्पर्ण झाडासारखा आकार उमटतो. दोन्ही रंगांची वाळू जिथे मिसळते, विशेषतः ओढा पुळणीवर उतरतो त्या मुखाशी, तिथे ही झाडं ओळीनं सापडतात.

इथे फोटो हमखास बिघडतो, आणि कारण साधं आहे. कॅमेरा समोरच्या सगळ्या गोष्टींचा सरासरी उजेड मधल्या करड्या छटेला आणू पाहतो. काळी वाळू दिसली की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो उजेड वाढवतो आणि काळं राखाडी होऊन बसतं. कॅमेऱ्यात उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे ०.७ ते उणे १ ठेवा. मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या वाळूवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड जागच्या जागी थांबतील, मग बोट खाली ओढा. पांढऱ्या पुळणीवर याच्या उलट, अधिक ०.७.

लाट परत जाताना जो पातळ आरसा होतो, तो तीन-चार सेकंदच टिकतो. लाट पुढे येत असताना फोटो काढू नये, परत फिरली की काढावा. पाण्याच्या ओढीच्या रेषा हव्या असतील तर शटर पाव ते अर्धा सेकंद उघडं ठेवा. त्याला तिपाई लागते, आणि इथे नवखा माणूस फसतो: प्रत्येक लाटेबरोबर पायांखालची वाळू निघून जाते, तिपाई खचते आणि फोटो हलतो. पाय आधीच बळानं वाळूत रोवा, किंवा तीन करवंट्यांत एकेक पाय ठेवा, म्हणजे भार पसरतो. दोन लाटा जाऊ द्या, मग फोटो घ्या. कॅमेरा तिपाईवर सोडून मात्र हलू नका.

पाणी उतरतं आणि चढतं ते सारख्या वेगानं नाही. सहा तासांतल्या पहिल्या आणि शेवटच्या तासाला चढ-उतार अगदी थोडा, मधल्या दोन तासांत निम्मा. म्हणून पूर्ण ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर एक तास एवढीच खडकांवरची वेळ समजा. त्यानंतर पाणी भराभर वाढतं आणि मागची वाट बुडते. हिरवं शेवाळ असलेल्या कातळावर पाय ठेवू नका, आणि कालवं चिकटलेल्या खडकावर अनवाणी जाऊ नका. कालवांच्या शिंपल्या पात्यासारख्या कापतात. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, खडकांवर जाणं नकोच.

सकाळचं काय, असं विचाराल. सकाळी सूर्य सह्याद्रीमागून येतो, डोंगराच्या आडोशाच्या पुळणीवर ऊन उशिरा पोहोचतं. तेव्हा सकाळी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जावं. जांभ्याच्या सड्यांवरची कातळशिल्पं पाहायला याहून चांगली वेळ नाही. कशेळी, बारसू, उक्षी, देवीहसोळ ही ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा, आणि रेघा मात्र उथळ. दुपारी माणूस त्याच्या शेजारी उभा राहूनही विचारतो, हत्ती कुठे? उगवतीनंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात खोदलेल्या रेघेची एक कड सावलीत जाते आणि सबंध आकार वर येतो. चित्र उठावं म्हणून काही जण रेघांत खडू किंवा चुना भरतात. तसं कधीही करू नये. दगड हजारो वर्षं टिकला, तो आपल्या एका फोटोसाठी डागाळायचा नाही. चित्रावर पाय ठेवायचा नाही, कडेनं फिरायचं.

पावसाळ्यात हेच सडे फुलांनी भरतात: सीतेची आसवं, गेंद, कवला. त्या दिवसांत ढगाळ उजेड उत्तम. ओल्या पानांची आणि जांभ्याच्या गडग्यांची (दगडी कुंपणांची) चकाकी रंग खाऊन टाकते, तिथे पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा लेन्सवरचा फिल्टर, फिरवा. तो दीड-दोन स्टॉप उजेड घेतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तेवढा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, वाढवावा लागतो.

हर्णैला मासळीच्या लिलावात रंग अमाप आहेत, पण ती कामाची जागा आहे. आधी विचारा, “मावशी, फोटो काढू का?” नको म्हणाल्या तर कॅमेरा खाली. वेळासला कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना फ्लॅश कधीच नाही. पिल्लं उजेडाच्या दिशेनं चालतात, आपल्या फ्लॅशनं ती वाट चुकतात.

शेवटी खाऱ्या हवेबद्दल. एसी खोलीतून थंड कॅमेरा बाहेर काढला की काचेवर वाफ धरते. बॅग बंद ठेवूनच बाहेर न्या आणि वीस-तीस मिनिटांनी उघडा. किनाऱ्यावरून आल्यावर लेन्स कोरड्या फडक्यानं पुसू नका. वाळलेलं मीठ आणि वाळू काचेवर घासले जातात. आधी रबरी फुग्यानं हवा मारा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ कापडानं हळूच टिपा, मग कोरडं कापड. तिपाईचे पाय उघडून साध्या पाण्याखाली धुवा. गळ्यातला पट्टा सगळेच विसरतात. त्यात मुरलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि तोच पट्टा कॅमेऱ्याबरोबर बॅगेत जातो. पट्टा सोडवून गोड्या पाण्यातून काढा आणि रात्रभर दोरीवर टाका.