मागून येणाऱ्यानं सांभाळायचं

श्रोतेहो, नमस्कार.

६ मार्च २०२२ ला पुण्यात वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली. मेट्रोला माणसं पायी येतात, म्हणजे फुटपाथला पुन्हा भाव आला. त्याच फुटपाथवर सिग्नल चुकवणाऱ्या दुचाक्याही चढतात, आणि आता त्यातल्या विजेवरच्या तर आवाजच करत नाहीत.

कुणी कुणाला वाट द्यायची, ही भांडणं पाण्यावर केव्हाच मिटलीत. जहाजांची टक्कर टाळायचे १९७२ सालचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. इंजिनाच्या बोटीनं शिडाच्या होडीला वाट द्यायची. आणि मागून येऊन पुढं जायचं असेल, तर मागून येणाऱ्यानं सांभाळायचं. लक्षात ठेवा, मागून येणाऱ्यानं!

आमच्या मामांना हे तोंडपाठ. तरुणपणी अभियांत्रिकी कॉलेजच्या बोट क्लबात वल्ही मारलेली. तिथली रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, १९२८ पासूनची. रेगाटाला हल्ली लोक होड्यांपेक्षा स्वतःचेच फोटो जास्त काढतात, पण ते असो. वल्हवणारा जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो. त्याला पुढचं दिसत नाही. ज्याला दिसतंय त्यानं जपायचं, हे मामांच्या अंगात मुरलेलं.

तर परवा संध्याकाळी जंगली महाराज रस्त्याच्या फुटपाथवरून मी आणि मामा चाललो होतो. मागून विजेची स्कूटर. एकदम कानाशी हॉर्न! मी उडालो, मामा तसूभर हलले नाहीत.

"आजोबा, सरका ना, ऑर्डर आहे."

"मागून येणाऱ्यानं सांभाळायचं. नियम तेरावा."

"कुठला नियम?"

"समुद्रावरचा."

"आजोबा, हा जेएम रोड आहे!"

"मग रोडवर जा की. हा फुटपाथ आहे."

लगेच माणसं जमली. पुण्यात वादाला प्रेक्षक बोलवावे लागत नाहीत. एकानं विचारलं, "हा नियम मुठेला लागू आहे का?" दुसऱ्यानं धरणातून पाणी सोडल्यावर नदीवरच्या भिडे पुलाचं काय होतं, ते सांगायला घेतलं. शेवटी तो मुलगा उतरला आणि स्कूटर हातानं ढकलायला लागला. मामांनी लगेच वाट दिली. "आता तू पादचारी. जा पुढं."

पोरगं पण पुण्याचंच. जाता जाता म्हणालं, "आणि आजोबा, एवढ्या होड्या वाटेत थांबून गप्पा मारत असतील तर?"

मामा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. अरुंद वाटेत नांगर टाकायचा नाही. नियम नववा." आणि आम्हा सगळ्यांना त्यांनी हातानं भिंतीकडे सरकवलं.