ल्यूबेक: दरवाज्यावरची चार अक्षरं

(दृश्य: होल्स्टेनटोर दरवाजा, शहराकडची बाजू)

दोन जाडजूड गोल बुरूज, त्यांवर टोकदार छपरं आणि कमानीवर सोनेरी अक्षरं: एस, पी, क्यू, एल. प्राचीन रोम एसपीक्यूआर लिहायचं, म्हणजे 'रोमची सभा आणि रोमची जनता'. इथे 'आर'च्या जागी ल्यूबेकचा 'एल' बसलाय. उत्तर जर्मनीतल्या, बाल्टिक किनाऱ्याजवळच्या या व्यापारी गावाचा रुबाब तर बघा!

त्या रुबाबामागे १२२६ सालचा एक कागद आहे. त्याआधी पंचवीस वर्षं इथे डेन्मार्कच्या राजाची सत्ता होती. ती झुगारून ल्यूबेककरांनी पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्याकडे, इटलीत, माणसं धाडली. सोबत त्याच्या आजोबांनी, बार्बारोसाने, दिलेली ११८८ ची सनद. तिच्यात ल्यूबेककरांनी आपल्या सोयीची भर घातली होती, असं इतिहासकार सांगतात. शिक्का मात्र खरा मिळाला.

ल्यूबेक आता मुक्त शहर: मधे कुणी सरदार नाही, जहागीरदार नाही. वर फक्त सम्राट, आणि तो बहुतेक वेळा फार लांब. नाणी पाडायचा हक्कही शहराचा.

(दृश्य: दरवाज्याशेजारची मिठाची जुनी कोठारं)

पैसा आला मिठातून. ल्यूनेबुर्गचं मीठ इथून जहाजाने आजच्या स्वीडनमधल्या स्कोनच्या किनाऱ्यावर जायचं आणि खारवलेला हेरिंग मासा पिंपांत भरून परत यायचा. ख्रिस्ती उपवासाला मांस वर्ज्य, मासा चालायचा. त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. हान्सा या व्यापारी शहरांच्या संघात ल्यूबेकचा शब्द चालायचा तो याच जोरावर.

पण मुक्त कोण? नगरसभेत बसायचे व्यापारी. कारागिरांना तिथे मज्जाव. १३८४ मध्ये खाटकांनी उठावाचा बेत आखला, तो आधीच फुटला आणि माणसांना देहदंड झाला. कमानीवरच्या 'जनते'त ही माणसं धरायची की नाही, ते तुम्हीच ठरवा.

(दृश्य: दरवाज्याची बाहेरची बाजू)

पंधराव्या शतकातल्या या दरवाज्याची बाहेरची भिंत साडेतीन मीटर जाड आहे, शहराकडची एक मीटरही नाही. धोका बाहेरूनच येणार, हा हिशोब.

पुढे धोका आला तो नकाशावरून. १८०३ मध्ये एका फटक्यात साम्राज्याची पन्नासएक मुक्त शहरं सहावर आली. १८१५ नंतर उरली चार. त्यांतलं फ्रांकफुर्ट १८६६ मध्ये प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याने गिळलं. ल्यूबेक टिकलं, १८७१ मध्ये नव्या जर्मन साम्राज्यातलं एक चिमुकलं घटकराज्य झालं. ती सोनेरी अक्षरंही त्याच वर्षीच्या डागडुजीतली, मध्ययुगातली नव्हेत!

१९३७ मध्ये नाझी सरकारने एका कायद्याने ल्यूबेक प्रशियाला जोडलं. ७११ वर्षांचं स्वातंत्र्य संपलं. युद्धानंतर ल्यूबेककरांनी ते परत मागितलं. १९५६ मध्ये संघराज्याच्या घटना न्यायालयाने नाही म्हटलं. हाम्बुर्ग आणि ब्रेमेन आजही राज्यं आहेत. ल्यूबेक श्लेसविग-होल्स्टाइनमधलं एक शहर.

(दृश्य: पुलावरची रहदारी, गाड्यांच्या नंबरप्लेट)

गाड्यांवर मात्र नुसता 'एल' नाही. 'एचएल' आहे: हान्सानगरी ल्यूबेक.