वेखंडाच्या पानापासून आयरिसपर्यंत

नमस्कार मंडळी. बोलायला सुरुवात करण्याआधी ही दोन पानं तुमच्यात फिरवतो. दोन्ही तलवारीसारखी, सरळ, टोकदार. पहिलं चुरगाळून वास घ्या. घरात बाळगुटी उगाळलेली असेल तर लगेच ओळखाल, हे वेखंड. दुसरं कितीही चुरगाळलंत तरी तो वास येणार नाही. ते पिवळ्या आयरिसचं पान आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली या आयरिसला नाव दिलं ‘स्यूडअकोरस’, म्हणजे खोटं वेखंड. दोघंही पाणथळ जागी वाढतात, दोघांचे गड्डे आल्यासारखे आडवे पसरतात, आणि फूल नसताना भलेभले फसतात. वेखंडाला येतं ते हिरवट कणीस, बोटासारखं. आयरिसचं फूल मात्र एकदा नीट पाहिलं की पुन्हा कुणाशी गल्लत होत नाही.

तेच फूल आज नीट पाहू. बाहेरची तीन परिदलं, म्हणजे पाकळ्या, खाली झुकलेली असतात, आतली तीन बहुधा वर उभी. मधोमध आणखी तीन पाकळ्यांसारखं काहीतरी दिसतं. त्या पाकळ्या नाहीत, ते कुक्षिवृंताचे फाटे आहेत, म्हणजे फुलाचा मादी भाग. प्रत्येक फाट्याखाली एक पुंकेसर दडलेला असतो. फाट्याच्या खालच्या अंगाला, टोकाजवळ, एक पातळ ओठ असतो. ती कुक्षी. भुंगा झुकलेल्या पाकळीवर उतरतो आणि मधासाठी आत घुसतो. घुसताना त्याची पाठ आधी त्या ओठाला लागते, मागच्या फुलातले पराग तिथे पुसले जातात. पुढे गेल्यावर पाठीवर नवे पराग बसतात. परत येताना ओठाची कोरडी बाजू समोर येते, त्यामुळे स्वतःचेच पराग स्वतःला लागत नाहीत. एका फुलाला अशी तीन दारं. मी हे पहिल्यांदा भिंग लावून पाहिलं, त्या दिवशी बाकी काही काम झालं नाही.

आता जाती कशा ओळखायच्या? आयरिसच्या सुमारे ३०० जाती आहेत आणि नवशिके रंगापासून सुरुवात करतात. रंग सोडून द्या. एकाच जातीत जांभळा, पांढरा, फिकट निळा असे सगळे रंग सापडतात. झुकलेल्या पाकळीच्या मध्यावर बोट फिरवा. तिथे केसांचा पट्टा असेल तर ते दाढीवालं आयरिस. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा उंचवटा असेल तर तुरेवालं. काहीच नसेल तर बिनदाढीचं. मग जमीन उकरा. खाली कांद्यासारखा कंद आहे, की आल्यासारखा गड्डा? मग देठ पोकळ की भरीव, आणि शेवटी बोंड. बोंडाकडे लोक बघतच नाहीत, फूल गेलं की झाड कापून टाकतात. मोठी चूक.

हिमालयात या तिन्ही तऱ्हा भेटतात. कुमाऊंच्या उंचावर जमिनीलगत फुलणारं ‘केमाओनेन्सिस’ दाढीवालं आहे, जांभळ्यावर गडद ठिपके. ‘डेकोरा’ तुरेवालं. सिक्कीमच्या ओल्या कुरणातलं ‘क्लार्काय’ बिनदाढीचं, आणि त्याचा देठ भरीव. त्याच्या जवळच्या ‘सिबिरिका’चा देठ पोकळ असतो. देठ आडवा कापला की निकाल लागतो. काश्मीरमध्ये कबरींवर पांढरी आणि जांभळी दाढीवाली आयरिस लावलेली असतात. उताराची, न उकरलेली, पाणी न साठणारी माती त्यांना मानवते. मणिपूरमध्ये साजिबू चैराओबाला, म्हणजे मैतेई नववर्षाला, निळं ‘कोंब्रेई’ देवाला वाहतात. तेही पाणथळीतलं आयरिस.

ओळख चुकली की लागवड चुकते, याचं माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे ‘एन्साटा’ हे नाव. हिमालयाच्या जुन्या वनस्पतिग्रंथांत लडाखमधल्या एका आयरिसला हे नाव दिलेलं आढळतं. प्रत्यक्षात एन्साटा हे जपानचं, तिथल्या ओल्या, आम्ल मातीतलं. लडाखमधलं आहे ‘लॅक्टिया’, कोरड्या आणि खारवट मातीतही तग धरणारं. त्याची चिवट पानं जनावरं सहसा तोंडात घेत नाहीत. एन्साटाच्या पानाच्या मधोमध ठळक शीर असते, अंधारातही बोटाला लागते. लॅक्टियाला तशी एक शीर नाही, बारीक उभ्या रेषा असतात. जुनं पुस्तक वाचून लॅक्टियाचं बी कुणी चिखलात लावलं तर ते कुजणारच.

कुजण्यावरून सांगतो. दाढीवाल्या आयरिसचे गड्डे मी एकदा डोंगरातून पुण्याला आणले, आणि पहिल्याच पावसाळ्यात ते मऊ पडून गेले. त्यांना कडक हिवाळा हवा, उन्हाळ्यात कोरडं हवं, आणि गड्ड्याची पाठ उन्हाला उघडी हवी. आपलं हवामान नेमकं उलटं. ज्यांना आपल्याकडे आयरिस हवंच आहे त्यांनी अमेरिकेतल्या लुइझियानाच्या दलदलीतल्या जाती पाहाव्यात. उष्मा आणि चिखल दोन्ही त्यांच्या सवयीचे. बुडाला भोक नसलेल्या टबातही त्या वाढतात.

पण तुमच्यापैकी काहींच्या दारात एक आयरिस आधीपासूनच असेल. नर्सरीत त्याला ब्लॅकबेरी लिली किंवा लेपर्ड लिली म्हणतात. केशरी फूल, त्यावर लाल ठिपके. सहाही परिदलं जवळपास सारखी, झुकलेलं-उभं काही नाही, दाढी नाही, तुरा नाही. मी आत्ता सांगितलेली फुलाची खूण त्याला एकही लागू पडत नाही. म्हणूनच ते दोनशेहून अधिक वर्षं आयरिसच्या बाहेर राहिलं. त्याचं जुनं नाव बेलमकंदा. ते मलबारातून आलं, डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हेडेच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथातून. १६७८ ते १६९३ या काळात हा ग्रंथ बारा खंडांत निघाला आणि हे झाड अकराव्या खंडात आहे. या ग्रंथाच्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचा हात होता. त्यांची कोकणीतली साक्ष पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेली आहे. ती अक्षरं पाहताना अंगावर काटा येतो.

पुढे लिनियसने १७५३ च्या एकाच ग्रंथात या झाडाला दोन वेगळी नावं दिली, एकदा इक्सिया नावाचं दुसरं फुलझाड म्हणून आणि एकदा चक्क ऑर्किड समजून. त्या ऑर्किडच्या नावातला ‘डोमेस्टिका’ आज टिकला आहे. डीएनए तपासल्यावर हे झाड आयरिसच्या पोटातच बसतं असं दिसलं, आणि २००५ मध्ये त्याचं नाव ‘आयरिस डोमेस्टिका’ झालं. बागकाम करणाऱ्यांना सुगावा आधीच लागला होता. बेलमकंदा आणि ‘डायकोटोमा’ नावाचं आयरिस यांचा संकर सहज होत असे. खरोखर लांबच्या नात्यातली झाडं अशी सहज जुळत नाहीत.

त्याचं फूल एकच दिवस टिकतं. संध्याकाळी पाकळ्या पिळलेल्या फडक्यासारख्या गुंडाळल्या जातात. त्या तोडू नका. बोंड पिकून उघडलं की आत काळ्याभोर, चकचकीत बियांचा घोस दिसतो. पंख्यासारखी पानं आणि तीन कप्प्यांचं बोंड, आयरिसपणाच्या या खुणा तिथे होत्याच. आपण फुलाकडे पाहत राहिलो.

जाताना दाराशी बियांच्या पुड्या ठेवल्या आहेत, त्या घेऊन जा. उन्हाची जागा निवडा. मातीत वाळू मिसळा, बी नखभर खोल पुरा आणि पाणी साठू देऊ नका. फूल पहिल्या वर्षी येईल किंवा दुसऱ्या. आलं की मला फुलाचा नको, बोंडाचा फोटो पाठवा.