माळ, टँकर आणि राहिलेलं अर्धं उत्तर

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना लागला की आपल्याकडं वैजापूर-गंगापूरच्या ख्रिस्ती वस्त्यांवर संध्याकाळी माळेचा, म्हणजे रोझरीच्या प्रार्थनेचा, आवाज येतो. ऑक्टोबर तर माळेचाच महिना, पण मे हाही मरियामातेचा. आज त्या माळेतल्या प्रार्थनांबद्दल बोलू. माळ कशी धरायची, क्रूस कुठं असतो, हे तुम्हाला आजीनं शिकवलेलंच आहे. ते सोडून देऊ.

माळेत सगळ्यात जास्त वेळा येते ती ‘नमो मरिया’. पाच रहस्यांच्या माळेत ५३ वेळा, मण्यामागं एक. रहस्य म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातला एकेक प्रसंग, ज्याचं मनन करत मणी ओढायचे. या प्रार्थनेचे दोन भाग आहेत आणि ते एकमेकांपासून फार वेगळे आहेत. पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातला, पहिल्या अध्यायातला. ‘नमो मरिया, कृपापूर्णे’ हे गाब्रिएल दूतानं नाझरेथ गावी केलेलं वंदन. ‘स्त्रियांमध्ये तू धन्य’ हे एलिझाबेथचे शब्द. म्हातारपणी दिवस गेलेली, सहावा महिना सरलेला, आणि नात्यातली ही पोर डोंगर चढून आपल्याला भेटायला आली म्हणून हरखलेली बाई. नीट ऐका हं, या भागात मागणं नाही. काही म्हणजे काही मागितलेलं नाही. नुसता आनंद आहे.

मागणं येतं दुसऱ्या भागात. ‘पवित्र मरिये, देवाचे माते, आम्हा पापी जनांसाठी विनंती कर.’ हे बायबलमधलं वाक्य नव्हे, ते पुढं चर्चमध्ये घडत गेलं. ‘देवमाता’ ही पदवी ४३१ साली चर्चच्या एफेससच्या परिषदेत मान्य झाली, आणि आज आपण म्हणतो त्या रूपात ही विनंती १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात पक्की झाली. म्हणून माळ म्हणताना पुढारी पहिला भाग म्हणतो आणि बाकीचे दुसरा. एकानं आनंद सांगायचा, सगळ्यांनी मिळून मागायचं.

यावरून आमच्या आत्याची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही.

दुष्काळाचं साल. मे महिना. माळ रोज एका घरी असायची, त्या दिवशी आत्याच्या अंगणात होती. चौरंगावर मरियामातेची मूर्ती, मोगऱ्याचा गजरा, आणि गजऱ्यावर शिंपडायलासुद्धा पाणी नाही. मंगळवार होता, म्हणजे दुःखाची रहस्यं. तिसरं रहस्य चालू, काट्यांचा मुकुट. आत्या पुढारी. तिनं ‘तुझ्या उदरीचे फळ, येशू’ म्हटलं, आणि आम्ही उत्तर द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात टँकरचा हॉर्न.

अंगण रिकामं! हंडे, घागरी, तेलाचे डबे, जे हाताला लागेल ते घेऊन सगळे विहिरीकडं. टँकर विहिरीत ओततो आणि मग ज्याचा पोहरा आधी त्याचं पाणी, हे तुम्हाला मी काय सांगू. (जाता जाता एक सांगतो. या गर्दीत बाया आणि पोरीच असतात. मिशा फुटलेले गडी पारावर बसून टँकर किती लिटरचा होता याची चर्चा करतात. हे काही बरं नव्हे.)

आत्याही निघाली. पण उजवी मूठ गच्च मिटलेली, माळ मनगटाला गुंडाळलेली, अंगठा एका मण्यावर. एका हातानं दोर कसा ओढणार? शेजारची माळकरी बाई, गळ्यात तुळशीची माळ, तिनं पाहिलं आणि विचारलं, “आत्याबाई, हाताला लागलं काय वं?”

आत्या म्हणाली, “लागलं न्हाई. सातवा मणी हाय.”

त्या बाईनं पुढं एक शब्द विचारला नाही. आत्याची घागर स्वतःकडं ओढली, भरली, आणि वर आपल्याच पोराच्या डोक्यावर देऊन घरी पाठवली. तिला मणी म्हणजे काय ते कळत होतं.

तासाभरानं सगळे परत अंगणात. पदर ओले, कोपरं खरचटलेली. आता वाद सुरू. कोणी म्हणे चौथं रहस्य चालू होतं, कोणी म्हणे पहिल्यापासून घ्या. आत्यानं मूठ उघडली. तळहातावर मण्याचा लाल वळ उठलेला. म्हणाली, “तिसरं रहस्य, सातवा मणी. माझं म्हणून झालंय, तुमचं उत्तर राह्यलंय.”

आणि आम्ही सगळ्यांनी एका दमात म्हटलं, ‘पवित्र मरिये, देवाचे माते...’

आता घड्याळ पाहतो तर वेळ भराभर चाललाय. ‘आमच्या स्वर्गातील बापा’ ही येशूनं स्वतः शिकवलेली, मत्तयच्या सहाव्या अध्यायात आहे. तिच्यात ‘रोजची भाकर आज दे’ असं मागितलंय. वर्षाची नाही, कोठार भरून नाही, आजची. ‘पित्याला, पुत्राला, पवित्र आत्म्याला गौरव असो’ हे प्रत्येक रहस्याच्या शेवटी, त्यात पुन्हा मागणं नाही. ‘हे माझ्या येशू’ ही छोटी प्रार्थना १९१७ साली पोर्तुगालमधल्या फातिमा गावी मरियामातेचं दर्शन झालं, त्यानंतर जोडली गेली. आणि गुरुवारची प्रकाशाची रहस्यं ही पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली सुचवलेली. त्यामुळं जुन्या माणसांना ती अजून पाठ नसतात, त्यांच्यावर हसू नका.

एक मात्र बोलतोच. हल्ली पुढारी माईक हातात आला की आगगाडी सोडतात. पहिला भाग संपायच्या आत लोकांचा दुसरा सुरू होतो. अहो, ती एलिझाबेथ काय म्हणाली ते तरी कानावर पडू द्या! प्रत्येक रहस्याचं नाव घेतल्यावर क्षणभर थांबायचं असतं, कारण मणी मोजायला बोटं आहेत आणि मनानं त्या प्रसंगापाशी राहायचं आहे. पूर्वी ज्यांना बायबलमधली १५० स्तोत्रं वाचता येत नसत त्यांनी १५० ‘नमो मरिया’ म्हणायच्या, असा प्रघात होता. म्हणजे ही न वाचता येणाऱ्यांची प्रार्थना. तिला घाई कसली?

निवेदकताई काचेपलीकडून हात दाखवू लागल्यात. पुढच्या वेळी ‘नमो हे राणी’ ही प्रार्थना घेऊ. येतो, नमस्कार.