व्याही, डीलक्स रूम आणि हॉस्पिटलचं बिल

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत झालेलं व्याख्यान. पुनरुक्ती काढून, बोलण्याचा बाज तसाच ठेवून.)

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला आरोग्य क्षेत्रातले तज्ज्ञ म्हटलं. मला साधं बीपी मोजता येत नाही. मी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात होतो आणि वर्षानुवर्षं शिक्षकांची वैद्यकीय प्रतिपूर्तीची बिलं तपासली. समोर काही निवृत्त शिक्षक दिसतायत. त्यांच्या चेहऱ्यावरून कळतंय की त्यांचंही एखादं बिल मी त्रुटी काढून परत पाठवलेलं असणार. तो राग चहाच्या वेळी काढा.

विषय असा ठरलाय की मेडिक्लेम नसेल तर हॉस्पिटलचं बिल कमी कसं करून घ्यायचं. मेडिक्लेम का नाही, असं मी कुणाला विचारणार नाही. सत्तरीच्या, शुगर असलेल्या माणसाला हप्ता केवढा सांगतात ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे.

माझं म्हणणं फार मोठं नाही. डिस्चार्जच्या काउंटरवर मिळते ती सूट. हात जोडायचे, ओळखी सांगायच्या, मग कॅशियर आत जाऊन येतो आणि वरची चिल्लर सोडतो. खरं बिल ॲडमिशनच्या टेबलावर ठरतं, आणि ते ठरवतात आपलेच नातेवाईक.

माझ्या साडूंचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, दुर्बिणीतून. हॉस्पिटलचं नाव विचारू नका, गावही विचारू नका. टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "जनरल, ट्विन शेअरिंग की डीलक्स?" साडू पोट धरून वाकलेले. मेहुणी म्हणाली, "डीलक्स. व्याही भेटायला येणार आहेत." तिच्या मुलीचं लग्न नुकतंच मार्गशीर्षात झालेलं, त्यामुळे प्रश्न इभ्रतीचा. जनरलचं भाडं दिवसाला 1,500, डीलक्सचं 5,500. मेहुणीनं तिथंच बोटांवर हिशेब केला: रोजचे 4,000 जास्त, चार दिवसांचे 16,000, जाऊ देत.

हिशेब बरोबर होता, पण पाव हिस्साच. खोलीचा वर्ग बदलला की बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत सर्जनची फी बदलते. भूलतज्ज्ञाची फी पुष्कळदा सर्जनच्या फीच्या टक्क्यांत असते, म्हणून तीही चढते. मग ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरचा चार्ज, रोजची व्हिजिट, नर्सिंग, काही ठिकाणी रक्ताच्या तपासणीचा दरसुद्धा. सर्जन तोच, टेबल तेच, दुर्बीण तीच. पित्ताशयाला काय कळतंय आपण डीलक्समधून आलोय ते! शिवाय 18 जुलै 2022 पासून आयसीयू सोडून 5,000 च्या वरच्या खोलीभाड्यावर 5 टक्के जीएसटी आहे. म्हणजे व्याह्यांच्या मानपानात सरकारचाही वाटा निघाला.

व्याही आले. आठेक मिनिटं बसले. एसी सोसत नाही म्हणून उरलेला वेळ बाहेर कॉरिडॉरमध्ये बाकड्यावर बसले.

बिल झालं 1,84,300. भाच्यानं एका नगरसेवकाला फोन करायला लावला. हॉस्पिटलांना अशा फोनांची सवय असते. त्यांनी 4,300 सोडले आणि नगरसेवकही खूश झाले. मग मेहुणीला आठवलं की आपल्या घरात एक खडूस हिशेबनीस आहे.

मी गेलो आणि तपशीलवार बिल मागितलं. त्यात एक ओळ होती: 'औषधे व साहित्य'. पुढे फक्त आकडा. आमच्या ऑफिसात अशी ओळ असलेलं बिल आम्ही टेबलावर ठेवूनसुद्धा घेत नसू. ती ओळ फोडून द्या म्हटलं, तर फार्मसीची सात पानं आली. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, साडू खोलीत पेपर वाचत पडलेले असताना, निर्जंतुक ग्लोव्हजच्या 26 जोड्या लागलेल्या. त्या दिवशीच्या नर्सिंग चार्टवर एक ड्रेसिंग आणि चार इंजेक्शनं. पेशंटला उपाशी ठेवलं त्या दिवशी डाएटिशियनची व्हिजिट. फिजिओथेरपी साडू ओटीत असतानाच्या वेळेत. आणि खोलीतल्या कपाटात एक पिशवी, त्यात न फोडलेली सलाइन, सिरिंज, अँटिबायोटिकच्या वायल. त्या परत केल्याची नोंद कुठंच नाही. मेहुणी म्हणाली, "मला वाटलं ते आपल्याला घरी न्यायला दिलंय." मी आवाज चढवला नाही. पेन्सिलीनं टिका करत गेलो. आणखी 22,000 उतरले. खोलीच्या वर्गाचा एक रुपयाही उतरला नाही, कारण ॲडमिशनच्या फॉर्मवर मेहुणीची सही होती.

ग्लोव्हजवरून आठवलं. औषधांचे भाव ठरवणाऱ्या एनपीपीएनं 2018 मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा 1,737 टक्क्यांपर्यंत निघाला. छापलेल्या एमआरपीच्या आत राहून! एमआरपी बघून आपण गप्प बसतो, पण हॉस्पिटलची खरेदी त्याच्या कितीतरी खाली असते. आणि कोविडमध्ये काय झालं आठवा. 21 मे 2020 ला राज्य सरकारनं खासगी हॉस्पिटलांचे दर बांधले, दिवसाला वॉर्ड 4,000, आयसीयू 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. ऑडिटर बसवले आणि कितीतरी बिलं खाली आली. दरपत्रक हातात घेऊन बसणारा माणूस लागतो, एवढंच.

सेक्रेटरींची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मुख्य विषय तर आता सुरू होतोय. भराभर सांगतो, लिहून घ्या.

ठरलेलं ऑपरेशन असेल तर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या हॉस्पिटलातल्या मदतनिसाला, गाठा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. हॉस्पिटल आणि तो उपचार यादीत आहे का, ते रेशनकार्ड घेऊन जाऊन विचारा. यादीत नसेल तर हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं आहे का पाहा. संगमरवर पाहून फसू नका, पुष्कळ पंचतारांकित दिसणारी हॉस्पिटलं धर्मादायच आहेत. विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 कक खाली त्यांना 10 टक्के बेड निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यावे लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1,80,000 आणि 3,60,000. तहसीलदाराचा दाखला काढून ठेवा, अर्ज दाखल होतानाच द्या आणि कॅशियरकडे न जाता तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. नाही म्हणाले तर लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय गाठा.

दोन्हींत बसत नसाल तर पॅकेज लेखी घ्या, आणि त्यात काय धरलेलं नाही ते आधी विचारा. 2021 च्या नर्सिंग होम नियमांप्रमाणे मुख्य दर लावलेले असले पाहिजेत, ते वाचा. सीजीएचएस म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना, तिच्या दरांची प्रिंट खिशात ठेवा. खासगी पेशंटला ते दर बंधनकारक नाहीत, पण बोलणं कुठून सुरू करायचं ते कळतं. खोली एक पायरी खालची घ्या. रनिंग बिल, म्हणजे तोवरचा हिशेब, एक दिवसाआड मागा, उरलेली औषधं रोज परत करून सही घ्या.

फी कमी करायची विनंती सर्जनला स्वतःला करा, तीही डिस्चार्जच्या आदल्या दिवशी. आपली फी सोडणं त्याच्या हातात असतं, फाइलवर एक ओळ लिहिली की झालं. बिलासाठी पेशंटला अडकवता येत नाही आणि मृतदेह तर मुळीच अडवता येत नाही, मृतदेहाचं तर 2021 च्या नियमांतच आहे. वाद असेल तर जेवढं मान्य तेवढं भरा, बाकीची हरकत लेखी द्या, पोच घ्या. आरडाओरडा नको. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध 2010 चा कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे.

तिकडून प्रश्न आलाय, गल्लीतल्या दहा बेडच्या आपल्या डॉक्टरांकडेही असंच करायचं का? पावती आणि तपशील तिथंही मागा. पण त्याचं दरपत्रक मुळात कमी असतं आणि कर्जाचा हप्ता त्याच्या डोक्यावर असतो, तिथं फार ताणू नका.

चहा आला. ज्यांनी बिलं आणलीत त्यांनी पहिलं सारांशाचं पान घडी करून खिशात ठेवा आणि फक्त फार्मसीची पानं घेऊन माझ्याकडे या. पेन्सिल मी आणली आहे.